राणीछापाचा मुक्काम

नाणेपेठेची, म्हणजे जुन्या नाण्यांच्या ऑनलाइन बाजाराची, गाडी दर गुरुवारी सातेरवाडीत यायची आणि त्या चिंचोळ्या रस्त्यावर तोंड वळवता वळवता कुणाच्या ना कुणाच्या कुंपणाला हमखास घासायची. त्या गुरुवारी ती काजूच्या कारखान्याच्या फाटकापाशी थांबली, तेव्हा कस्तुरी आधीच तिथं येऊन उभी होती. आठवा महिना, पायांना सूज, वरून मे महिन्याचं ऊन, आणि मुठीत रुमालात गुंडाळलेला राणीछाप रुपया.

"आणा ताई, पोपटाला दाखवू या," गाडीवाला म्हणाला.

पोपट म्हणजे गाडीच्या मागच्या बाजूला बसवलेलं हिरवं यंत्र. सरकारदरबारी त्याचं नाव भलंमोठं होतं, 'धातुपृष्ठ वास्तव्य वाचक' का असंच काहीसं. एवढं नाव घ्यायला वेळ कुणाला आहे? यंत्र हिरवं आणि पोटात काही म्हणून ठेवत नाही, तेव्हा लोकांनी त्याचा पोपट करून टाकला.

हा पोपट आला कुठून, ते सांगायला हवं. जुनी नाणी जमवायचा नाद लोकांना पूर्वीपासून होताच, पण ती ऑनलाइन मिळायला लागल्यावर त्या नादाचं वेड झालं. मग भांडण लागलं ते करावरून. नाणं निघालं साताऱ्याहून, विकणारा बसला सुरतेत, घेणारा कोलकात्यात आणि बाजार चालवणारी कंपनी बंगळुरात. जो तो म्हणायचा, विक्रीचा कर माझा. वर्षानुवर्षं राज्यं भांडली आणि शेवटी कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून मुक्काम-कर निघाला. नाणं जिथं जितका काळ राहिलं, तिथल्या सरकारला तितका वाटा. ऐकायला मोठं न्यायाचं! पण नाणं कुठं राहिलं हे सांगणार कोण? विकणारे तर बेधडक थापा मारायचे.

मग शास्त्रज्ञ पुढं आले. त्यांनी दाखवून दिलं की चांदी नुसती काळी पडत नाही, ती थरांनी काळी पडते. हवेतला गंधक तिच्यावर बसतो आणि त्याच्याबरोबर त्या गावचं जे काही हवेत असेल ते सगळं बसतं. खाणीच्या गावात कोळशाची काजळी, समुद्राकाठी मीठ, कोकणात जांभ्या दगडाची तांबूस धूळ. धुळीतल्या काही मूलद्रव्यांचे जड आणि हलके अणू खडकागणिक वेगळ्या प्रमाणात असतात, ते निराळंच. पोपट नाण्यावर विद्युतभारित कणांचा बारीक झोत सोडतो आणि हे थर एकामागून एक सोलत जातो. सोलतो म्हणजे इतकं हलक्या हातानं, की नाण्याला खरचटल्याचंही दिसत नाही. मग प्रत्येक थर देशभरच्या माती-पाण्याच्या नकाशाशी ताडून बघतो आणि बोलतो. नाणं कुठल्या जिल्ह्यात होतं, कुठल्या तालुक्यात होतं, शेजारी काय जळत होतं, सगळं.

कस्तुरीला हे सगळं ठाऊक होतं. तिचा जन्मच धातूच्या घरातला. घाटावरच्या बोरखिंड गावात तिच्या वडिलांची, आबांची, गलाईची पेढी होती. गलाई म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. बोरखिंडीच्या टापूत पाऊस नाही, पण गलाईवाले किती! भावकीतला एक जण गुवाहाटीला, एक मदुराईला, एक जालंधरला. देशात जिथं म्हणून सराफ बाजार आहे, तिथं बोळातल्या मागच्या खोलीत यांची भट्टी पेटलेली असायचीच. आबांकडे मोडीत आलेल्या चांदीत एखादं दुर्मीळ नाणं सापडलं की ते बाजूला काढून नाणेपेठेवर विकलं जायचं. कायदा आला तेव्हा पेढीतली सगळी नाणी पहिल्या पोपटाखालून काढून ठशा-वजनासकट पेढीच्या नावावर नोंदवायचं काम कस्तुरीनंच केलं होतं.

त्याच वर्षी तिनं नागेशशी लग्न केलं. नागेश गावातलाच, शिकलेला, निर्व्यसनी, पण दुसऱ्या जातीतला. तिचा थोरला भाऊ धैर्यशील यानं तिच्या नावानं दहावं घातलं, सगळ्या भावकीला जेवायला बोलावलं. तेवढ्यावर थांबला असता तर बरं होतं. नागेशचा भाऊ रस्त्यात सापडला तर त्याचे दोन्ही पाय मोडले. खटला उभा राहिला आणि साक्षीदार फिरले. कोर्टातून बाहेर पडताना धैर्यशील मोठ्यानं म्हणाला होता, "हा तर भाऊ होता. त्या दोघांना एकदा गाठू दे."

तेव्हापासून दोघं पळत होती. शहरात राहायची सोय नव्हती, कारण शहर म्हटलं की सराफ बाजार आला, सराफ बाजार म्हटला की बोरखिंडीचं कुणीतरी आलंच. म्हणून दोडामार्ग तालुक्यातली ही वाडी. इथं सोनार नाही, गलाई नाही. नुसत्या काजूच्या बागा आणि टरफलं जाळणारी कारखान्याची भट्टी. नागेश त्या भट्टीवर होता, ती काजू सोलायला जायची. गळ्यातलं मंगळसूत्रसुद्धा खोट्या मण्यांचं.

आणि आता डॉक्टरांनी सांगितलं होतं, रक्तदाब फार वाढलाय, बाळंतपण गोव्यातल्या मोठ्या दवाखान्यात करा. अनामत रक्कम आधी भरावी लागणार होती. विकण्यासारखं घरात एकच होतं. घर सोडायच्या आदल्या दिवशी आईनं काही न बोलता तिची ओटी भरली होती, खण-नारळाच्या खाली पेढीतला हा दुर्मीळ राणीछाप ठेवून. आईला सगळं कळलं होतं. थांब म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

नाणेपेठेवर विकणाऱ्याचं नाव गुप्त ठेवता येतं. पण थर? थरात बोरखिंड निघणार, इतर गावं निघणार, आणि ही जागाही निघणार. कस्तुरी तशी कच्ची नव्हती. पेढीवर असताना तिनं पाहिलेलं होतं, चिंचेच्या कोळानं चोळून धुतलेलं नाणं पोपटापुढं मुकं होतं. थर सगळे निघून जातात, यंत्र 'वाचन अशक्य' म्हणतं, सरसकट दरानं जरा जास्त कर बसतो आणि गावाचं नाव कुठंही येत नाही. जमवणारे लोक धुतलेल्या नाण्याला नाक मुरडतात, किंमत पाडून मागतात. मागू देत! जीव महत्त्वाचा की किंमत? तिनं राणीछापाला चिंच लावली, राणीचं नाक झिजेल की काय इतका चोळला, स्वच्छ पाण्यानं धुऊन चुलीवरच्या फळीवर वाळत ठेवला आणि पुढच्या गुरुवारची वाट बघत बसली.

गाडीवाल्यानं नाणं पोपटाच्या तोंडात सरकवलं. आत काहीतरी घुरघुरलं. "झालं. निकाल मोबाईलवर येईल," म्हणत त्यानं पाकीट बंद केलं. खरेदीदार अमरावतीचा होता आणि फोटो बघूनच त्यानं पैसे भरले होते. कस्तुरी हलक्या मनानं घरी आली. संध्याकाळी नागेशनं दवाखान्याची अनामत भरूनही टाकली.

रविवारी दुपारी पावती आली. ती पापड वाळत घालत होती. पदराला हात पुसून तिनं मोबाईल उघडला.

'मुक्काम-कर विवरण. वाचन स्पष्ट. सिंधुदुर्ग जिल्हा, दोडामार्ग तालुका, शंभर टक्के. निकटचा धूर : काजू टरफल भट्टी. पूर्वीचे करदाते : बोरखिंड गलाई पेढी. त्यांना वजावटीची सूचना महिनाअखेर वाचनासह रवाना होईल.'

तिनं ते परत वाचलं. मग भिंतीला टेकून खाली बसली. पोटातलं बाळ जोरजोरात लाथा मारत होतं.

हे झालं कसं? तर असं, की तिचं शहाणपण जुन्या पोपटाचं होतं. चिंचेतल्या आम्लानं थर जातात हे खरं. पण थर गेले की खालची चांदी उघडी पडते, आणि उघडी चांदी भुकेली असते. मुरलेल्या काळ्या नाण्यावर जे बसायला महिने लागतात, ते तिच्यावर आठवड्यात बसतं. जुन्या यंत्राला एवढा पातळ थर दिसत नव्हता, नव्याला दिसत होता. न धुता दिलं असतं तर पन्नास गावांच्या गर्दीत ही वाडी कुठंतरी कोपऱ्यात पडली असती. तिनं धुतलं, आणि नाण्याच्या अंगावर एकच पत्ता उरला, तोही ठळक. दोडामार्ग तालुक्यात काजूचे कारखाने असे किती?

"कस्तू, काय झालं? दुखतंय का?" नागेश कारखान्यातून आला तो दारातच थबकला.

तिनं मोबाईल त्याच्यापुढं धरला. त्यानं वाचलं.

"महिनाअखेर म्हणजे दहा-बारा दिवस आहेत," तो म्हणाला. "निघू या."

"कुठं? या पोटानं एसटीत बसू? डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना? वाटेतच काही झालं तर?"

"आबांकडे जाईल ना सूचना? कदाचित आबा—"

"आबांना चष्मा लावूनसुद्धा स्वतःचं नाव वाचायला जमत नाही, कराचं काय वाचतील? पेढीचा फोन धैर्यादादाकडे असतो. कराचं सगळं तोच बघतो." बोलता बोलता तिला रडू फुटलं. "मीच केलं रे. मीच माझ्या हातानं चोळून चोळून त्याला पत्ता लिहून दिला."

नागेश तिच्याजवळ बसला. तो नुसता तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नाणेपेठेच्या मदत केंद्राला फोन लावला. बराच वेळ सनई वाजल्यावर एक मुलगी बोलली.

"ती पावती काढून टाकता येईल का हो?" कस्तुरीनं विचारलं.

"पावतीत काही चूक आहे का, मॅडम?"

"चूक नाही. हीच तर पंचाईत आहे."

"मग नोंद काढता येत नाही, मॅडम. पूर्वीच्या करदात्याला वजावट द्यावी लागते, नाहीतर एकाच नाण्यावर दोनदा कर बसेल. तुमच्या भल्यासाठीच आहे ते."

"आमच्या भल्यासाठी!" कस्तुरी एवढंच म्हणाली. मग आवाज सावरून तिनं विचारलं, "काहीच उपाय नाही का? काहीही?"

मुलगी थोडी घुटमळली. "एक नियम आहे, पण तो कुणी वापरत नाही. नाणं मोडीत गेलं, म्हणजे वितळवलं, तर ते जमवायचं नाणं राहत नाही. नुसती चांदी होते. तिला मुक्काम-कर नाही. खरेदीदारानं तो गोळा पोपटाला दाखवला की वजन ताडून नोंद पुसली जाते आणि वजावटीची सूचनाही जात नाही. पण एवढं दुर्मीळ नाणं कोण वितळवेल, मॅडम?"

कस्तुरीच्या जिवात जीव आला. वितळवलेल्या धातूला थर कुठले? सगळं एकजीव होऊन जातं, मागचं काही उरत नाही, हे तर तिला दूध पीत असल्यापासून ठाऊक. आता त्या अमरावतीकराच्या पाया पडायचं, एवढंच राहिलं होतं.

तिनं नाणेपेठेवरून त्याला निरोप धाडला : 'जीवन-मरणाचा प्रश्न आहे, कृपा करून या नंबरवर फोन करा.' दिवसभर काही नाही. मंगळवारी दुपारी फोन आला, आणि आला तो तापलेलाच.

"मी निंभोरकर बोलतोय. चित्रकलेचा शिक्षक होतो, आता निवृत्त आहे. अहो बाई, एक तर नाणं चिंचेनं धुऊन पाठवलं! राणीच्या गालावर एक रेघ शिल्लक नाही. त्यात हे जीवन-मरण काय काढलंय? पैसे उकळायचे असतील तर मी सरळ तक्रार करीन, सांगून ठेवतो."

"पैसे नकोत, सर. तुम्ही ते नाणं वितळवा."

"काय म्हणालात?"

मग कस्तुरीनं सांगितलं. आधी ठरवलं होतं की मोजकंच सांगायचं, पण बोलायला लागली आणि बांध फुटल्यासारखं सगळं बाहेर आलं. गलाईची पेढी, नागेश, धैर्यशील, मोडलेले पाय, कोकणातला काजूचा कारखाना, आठवा महिना, पावतीवरचा तो एक पत्ता. राहत्या वाडीचं नाव तेवढं तिनं घेतलं नाही.

"बाई, मी पंचवीस वर्षं या टांकसाळीच्या राणीछापांची सालवार ओळ लावतोय," निंभोरकर सर हळू आवाजात म्हणाले. "एकच जागा रिकामी होती. एकच. आणि तुम्ही मला म्हणता..."

"द्या तो फोन इकडे!" मागून एका बाईचा आवाज आला, जरा झटापट ऐकू आली, आणि मग तो आवाज थेट कानात. "पोरी, मी यांची बायको. सगळं ऐकलं मी, फोन मोठ्यानं लावून बोलायची सवय आहे यांना. तू काही काळजी करू नको व. घर भरलंय नुसतं नाण्यांनी, एक वितळलं म्हणून काही आभाळ कोसळत नाही. अहो, असे काय बघता माझ्याकडे? तुमची ती राणी मरून किती जमाना झाला, ही पोरगी जिवंत आहे!"

कस्तुरीला हुंदका आवरेना. "काकू, तुमचे पैसे मी—"

"पैशाचं नाव काढलंस तर खबरदार! पहिलं बाळंतपण ना? माहेर नाही, सासर नाही. मायबाई! मी म्हणते, काहून जन्माला येतात असे भाऊ?"

"फार काही करावं लागत नाही, काकू. चांदी वितळवायची मूस तापली, थोडा टाकणखार टाकला की झालं. वरणाला फोडणी द्यायला जेवढा वेळ लागतो तेवढा. फक्त महिनाअखेरच्या आत."

"हो हो, ते आम्ही बघून घेतो. तू जेवत जा वेळेवर."

आणि मग वाट बघणं आलं. वाट बघण्याइतकं वाईट काही नसतं, तेही अशा वेळी. दोन दिवस झाले तरी निंभोरकर सर नाणं हातातून सोडत नाहीत, असं काकूंनी मधे फोन करून सांगितलं. "नुसते घेऊन बसलेत मांडीवर. थांब, त्यांना जरा रडून घेऊ दे." कस्तुरीला समजत होतं, दुसऱ्याचं लाडकं माणूस मागावं तसं आपण मागितलंय. पण महिना सरत चालला होता.

नागेशनं दारामागं कोयता ठेवला. तिनं तो बघितला आणि न बघितल्यासारखं केलं. मोटारीचा आवाज आला की सोलायच्या टेबलावरचे तिचे हात थांबायचे. एके दिवशी कारखान्याच्या अंगणात घाटावरच्या नंबरची जीप शिरली. चार जण उतरले, पांढरे बूट, हातात कडी. कस्तुरी टरफलांच्या पोत्यांमागं जाऊन बसली, तोंडावर पदर दाबून. तिथला उग्र वास छातीत जात होता, डोळे झोंबत होते, पण खोकायची सोय नव्हती. एक जण भट्टीकडे वळला, नागेशपाशी उभा राहिला, काहीतरी विचारू लागला. तिनं डोळे मिटून घेतले. आता ओरडणं ऐकू येईल, आता येईल, म्हणून ती कानांत प्राण आणून बसली. पोटातलं बाळसुद्धा हललं नाही.

थोड्या वेळानं जीप निघून गेली. काजूचे व्यापारी होते ते, कोल्हापूरकडचे. भाव विचारायला आले होते. नागेशनं तिला पोत्यांमागून हात धरून उठवलं. त्या दिवशी दवाखान्यात रक्तदाब बघून डॉक्टर तिच्यावर खेकसले, "तुम्ही विश्रांती घेता की नाही?"

महिना संपायला दोन दिवस होते. नागेश जेवायला घरी आला होता, आणि भाताचा पहिला घास घेतोय तोच मोबाईल वाजला. दोघांनीही ताटाकडे पाठ फिरवली. पडद्यावर लिहिलं होतं :

'नाणे मोडीत. मुक्काम-कराची नोंद रद्द. वजावटीची सूचना रद्द. सर्व वाचन नष्ट करण्यात आले आहे.'

नागेशनं मोठ्यांदा वाचलं. मग परत वाचलं, शब्दान् शब्द सुटा करून. आणि तो हसला. लग्न झाल्यापासून तिनं त्याला असं तोंडभर हसताना बघितलंच नव्हतं. उष्ट्या हातानंच त्यानं तिचा चेहरा धरला. भाताची शितं तिच्या गालाला लागली आणि तीही हसायला लागली, हसता हसता रडायला लागली.

"सुटलो गं कस्तू! सुटलो आपण!"

"हळू! शेजारी ऐकतील."

"ऐकू देत की! मुलगी झाली तर अमरावतीच्या काकूंचं नाव ठेवू. काय नाव त्यांचं?"

"ते विचारलंच नाही बघ."

"मग विचार. थांब, मी फाट्यावरून गरम भजी आणतो. आज पथ्य नाही." शर्टाची बटणं उलटसुलट लावत तो निघालासुद्धा. कस्तुरी त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिली. कितीतरी दिवसांनी तिला खरीखुरी भूक लागली होती. तिनं त्याचंच ताट पुढं ओढलं आणि दोन घास खाल्ले.

फोन वाजला. काकू होत्या.

"आला का निरोप? आला ना! मी म्हटलं नव्हतं? सकाळपासून कधी एकदा तुला सांगते असं झालं होतं. अगं, आज आम्ही दोघं स्वतः जाऊन वितळवून आणलं आणि येता येता गोळा पोपटाला दाखवला. यांना एकट्याला पाठवलं असतं तर नाणं घेऊन परत आले असते."

"तुमचे उपकार कसे फेडू, काकू?" कस्तुरी म्हणाली. आणि मग तिचा हात ताटातच थांबला. "जाऊन म्हणजे? कुठं जाऊन?"

"कुठं म्हणजे? सराफ्यात. आमच्या घरी काय भट्टी आहे का बाप्पा?"

बोरखिंडीत परसात मूस असते. आई एकीकडे डाळ शिजायला लावून दुसरीकडे जुने पैंजण वितळवायची. चांदी वितळवायला माणसाला घराबाहेर पडावं लागतं, हे कस्तुरीच्या डोक्यात आलंच नव्हतं. या एवढ्या दिवसांत एकदासुद्धा आलं नव्हतं.

काकू आपल्या बोलतच होत्या. "मागच्या बोळात एक गलाईवाला आहे. इतका चांगला माणूस, काय सांगू तुला! आधी तर तयारच होईना. म्हणे, आजी, हे नाणं मोडू नका, चांदीपेक्षा कितीतरी जास्त किंमत आहे याची. मग मला राहवलं नाही. मी सांगितलं त्याला सगळं. म्हटलं, बाबा रे, तुमच्याच गलाईवाल्यांची पोरगी आहे बिचारी, सख्खा भाऊ जिवावर उठलाय. भावाचं नावही सांगितलं मी, धैर्यशील का काय म्हटलं होतंस ना तू. तर तो चटकन म्हणाला, 'बोरखिंडीचा का?' त्याच्याच गावाकडचा निघाला की गं! मला इतका आनंद झाला, आपलं माणूस भेटावं तसा."

"मग?" कस्तुरीनं विचारलं.

"मग काय, किती आपुलकीनं चौकशी केली त्यानं. पोरगी सुखरूप आहे ना, कितवा महिना, नवरा काय करतो. मी काही गावाचं नाव सांगितलं नाही हं, तेवढं कळतं मला. एवढंच म्हटलं, आहे तिकडे कोकणात, दोघं काजूच्या कारखान्यात कामाला आहेत, कष्टानं खातात. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं गं. आणि वितळवून झाल्यावर हे पैसे द्यायला गेले, तर मजुरी घेतली नाही त्यानं. हात जोडून म्हणाला, 'घरच्या लेकीचं काम आहे.'"

कस्तुरीला ठाऊक होतं. गलाईत कुणालाच उधारी नसते. मजुरी माफ असते ती एकाच नात्याला, भावकीला. ज्यांनी तिच्या दहाव्याला जेवून हात धुतले होते, त्यांतलाच हा एक.

डोळ्यांत पाणी आलं ते कशानं? दयेनं, की आणखी कशानं? तो गप्प बसेल का? की दुकान बंद करायच्या आधीच त्यानं बोरखिंडीला फोन लावला असेल? या प्रश्नांचं उत्तर देणारं यंत्र अजून कुणी काढलेलं नव्हतं.

"किती वाजता गेला होतात, काकू?"

"सकाळीच. दुकानं उघडली तेव्हा. का गं? आणि तू रडतेयस की काय?"

"नाही काकू, रडत नाही. तुम्ही फार केलंत माझ्यासाठी. सरांना नमस्कार सांगा."

तिनं फोन ठेवला. ताटातला भात तसाच होता. ती भिंतीचा आधार घेत उठली, फळीवरची दवाखान्याची फाईल घेतली, बाळासाठी शिवलेली दोन झबली घेतली, नागेशचा एक शर्ट घेतला आणि सगळं पिशवीत कोंबलं. कंबरेतून कळ आली, तशी ती ओणवी होऊन थांबली. कळ गेली आणि तिनं पिशवीची चेन ओढली.

नागेश आला तेव्हा हातात भज्यांचा पुडा होता, कागदावर तेल फुटलं होतं. तो काहीतरी गुणगुणत होता. पिशवी बघून गुणगुणणं थांबलं.

"कस्तू?"

"फाट्यावरून गाडी किती वाजता आहे?"

"कुठली गाडी?"

"कुठलीही," ती म्हणाली आणि पायात चप्पल सरकवायला लागली.